ओलांडलेला भात

आमच्या परंदवडीहून लोणावळा काही लांब नाही. लोकलमध्ये बसलं की खिडकीतून शेतं बघता बघता येतं. तरी मी तिथे मुक्कामाला कधी गेले नव्हते. लग्नानंतर एकदा भुशीला नेलं होतं आमच्या मालकांनी. पाय भिजवले, कणीस खाल्लं आणि दिवस मावळायच्या आत घरी. या संक्रांतीला मात्र भोगी, संक्रांत आणि कर असे सणाचे तिन्ही दिवस मी घराबाहेर होते. तेवढ्यात लोणावळा झालं, पवनानगर झालं, आणि नॉर्वे, वेल्स, जपान हे तीन देश पण झाले. ते देश बंगल्यातच आले होते. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवते. सगळं मला समजलं असं नाही.

भोगी

शेजारची सुनंदा लग्नाकार्यात स्वयंपाकाची कामं घेते. तिने सांगितलं, भुशीच्या रस्त्याला एक मोठा बंगला आहे, तिथे पुण्याच्या मेघना मॅडम जगभरची माणसं गोळा करून प्रत्येक देशातल्या थंडीच्या दिवसांतल्या चालीरीती दाखवणार आहेत. आपल्याकडची भोगी-संक्रांत आपण दोघींनी रांधून दाखवायची.

मी येत नाही म्हटलं. मला चार माणसांत बोलता येत नाही.

"तुला कोन बोलाय सांगतंय? भाकऱ्या थापाय सांगतीय," सुनंदा म्हणाली.

मी हो म्हणाले ते खरं रेखासाठी. रेखा माझी एकुलती लेक, पवनानगरजवळ दिलेली. तिला दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत. पहिल्यांदा तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्यांदा सहाव्यात. आता तिला सातवा लागला होता. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं, त्यामुळे ती संक्रांतीला माहेरी येऊ शकत नव्हती. बंगल्यावरचं काम संपलं की तिथूनच परस्पर तिच्याकडे जायचं, असं मी ठरवलं. पिशवीत तिळाचे लाडू आणि तिच्या आवडीची, हावरी म्हणजे तीळ घालून केलेली शेंगदाण्याची चटणी घेतली.

बंगला एवढा मोठा की स्वयंपाकघरातच आमचं घर बसलं असतं. चूल मात्र नव्हती. बाजरीची भाकरी गॅसवर पापुद्रा धरेल की नाही याची मला काळजी. पण धरला. तीळ लावलेल्या भाकऱ्या, वर लोण्याचा गोळा, आणि भोगीची भाजी: वांगं, पावटा, ओला हरभरा, गाजर, बोरं, तिळाचं कूट. पाहुण्यांना भाजी आवडली. फक्त एका गृहस्थांनी बोर बियांसकट चावलं आणि गाल धरून बसले. त्यांना आम्ही लवंग दिली.

दुपारी प्रत्येकाने आपापलं दाखवायला सुरुवात केली. मी आणि सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात, निम्म्या आत, निम्म्या बाहेर. जपानचे एक पाहुणे अंगभर गवताचा पेंढा बांधून, लाल राक्षसाचं तोंड लावून आले. हातात लाकडी सुरा. मेघना मॅडमनी सांगितलं, त्यांच्याकडे थंडीत हा राक्षस घरोघर फिरतो आणि दारात ओरडून विचारतो, घरात कोणी रडकं पोर आहे का, कोणी आळशी सून आहे का.

"सासवंचं काय विचारत न्हाई का?" सुनंदा म्हणाली. मॅडमनी ते त्यांना इंग्रजीत सांगितलं. राक्षस तोंड काढून इतका हसला की त्याचा पेंढा गळायला लागला. मग मला तो झाडावा लागला. तर मॅडम म्हणाल्या, टाकू नका मावशी, त्यांच्याकडे गळलेला पेंढा शुभ मानतात. मी केरसुणी हातात घेऊन उभी. आता झाडायचं की नाही? शेवटी एका कोपऱ्यात सारून ठेवला.

त्याच्यावर कडी म्हणजे वेल्सचे पाहुणे. त्यांनी काठीवर घोड्याची कवटी लावली होती, खरी नाही, लाकडाची, पण दिसायला खरी. पांढरी चादर, रंगीत फिती, आणि दोरी ओढली की जबडा खट्‌खट वाजायचा. हा घोडा दाराबाहेर उभा राहून गाण्यात घरच्यांना टोमणे मारतो, घरच्यांनी आतून गाण्यातच उत्तर द्यायचं. ज्याची गाणी संपली तो हरला. घरचे हरले की घोड्याला आत घेऊन खायला घालायचं. आमच्याकडे मेलेल्या जनावराचं हाड कुत्र्याने अंगणात आणलं तरी आम्ही शिंपडा मारतो. आणि हे सणाला कवटी घरात घेतात, आणि ज्याच्या घरी ती आली त्याचं वर्ष चांगलं जातं म्हणतात.

घोडा बाहेर गायला लागला. आत कोणाला उत्तर सुचेना. मॅडमनी आमच्याकडे बघितलं. सुनंदाने पदर खोचला आणि दाराआडून उखाणा टाकला:

"दारात रांगोळी, रांगोळीत मोर, घोड्याला आत घेते, पण खायला फक्त बोर."

मघाशी दात दुखलेले गृहस्थ सगळ्यात जास्त हसले. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. मला एवढंच कळेना, की जे आपण घराबाहेर ठेवतो ते ही माणसं आत का घेतात.

संक्रांत

सकाळी नॉर्वेच्या एक आजी स्वयंपाकघरात आल्या. सत्तरीच्या पुढच्या, पांढरे केस आखूड कापलेले, हात मात्र शेतातल्या बाईचे. त्यांना मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही. त्यांनी परातीकडे बोट दाखवलं, बाह्या वर केल्या आणि बसल्या. पहिली भाकरी फाटली. दुसरी फाटली. तिसरी त्यांनी माझ्याकडे न बघता थापली आणि तव्यावर टाकली, आणि ती फुगली. त्यांच्याकडेही पातळ सुकी भाकरी असते, असं मॅडमनी नंतर सांगितलं, थंडीआधी करून चळती रचून ठेवतात. बोलणं झालं नाही, पण दोन तास आम्ही शेजारी शेजारी बसलो. एवढा वेळ परक्या माणसाजवळ न घाबरता मी कधी बसले नव्हते.

तिळगूळ दिला तेव्हा मॅडमनी त्यांना 'गोड बोला'चा अर्थ सांगितला. आजींनी लाडू खाल्ला आणि माझा हात दाबला.

दुपारी रेखाचा फोन आला.

"आई, उद्या येतीस ना?"

"येते की."

"उद्या कर हाय. सासूबाई म्हनत व्हत्या, करीचं कोन घराभायेर पडत न्हाई. पन तू ये."

"काय दुखतंय का?"

"दुखत न्हाई. खावंसं वाटत न्हाई. पोटात हालतंय का न्हाई ह्येच बघत पडून ऱ्हाते. तू ये."

करीच्या दिवशी प्रवास करू नये हे मलाही ठाऊक होतं. पण लेक दोनदा 'ये' म्हणाली, म्हणजे जायलाच हवं.

तिन्हीसांजेला मी ओल्या कचऱ्याची बादली घेऊन मागच्या दाराने निघाले. मागे तीन पायऱ्या, त्याच्यापुढे माळ्याची अवजारं ठेवायची खोली. बादली जड होती, मी पायापुढे बघितलं नाही. खालच्या पायरीवरून पाऊल टाकलं, पलीकडे गेले आणि मग मागे वळून बघितलं. वाडग्यात पांढरा भात. मध्ये काहीतरी पिवळं. वरून लालसर पूड टाकलेली.

भात, लिंबू, गुलाल. आमच्याकडे हे सांगावं लागत नाही. कोणाची तरी पीडा उतरवून बाहेर ठेवलेली असते, तो उतारा. जो ओलांडेल त्याच्या पायाला ती पीडा चिकटते. लहानपणापासून तिकाटण्यावरून जाताना आम्ही खाली बघून चालतो ते यासाठीच. आणि मी तो ओलांडला होता, उद्या लेकीच्या घरी जायचं असताना.

बादली तिथेच ठेवली आणि नळावर गुडघ्यापर्यंत पाय धुतले. सुनंदाला सांगितलं.

"हितं कोन उतारा ठेवतंय? शिकल्याली मानसं ही."

"मी बघितला."

ती दारातून डोकावली आणि लगेच मागे झाली. "व्हय गं," ती म्हणाली. मग मला बाजूला घेऊन, "शेवंता, उद्या लेकीकडं जाऊ नगंस. घरी चल. मीठ-मिरची उतरवू, पाच-सात दिस जाऊ दे."

"तिनं दोनदा बोलावलंय."

"म्हनूनच सांगते."

तिचं बरोबर होतं. आणि रेखाचं पण बरोबर होतं. मी अंथरुणावर पडले आणि दोघींचं आलटून पालटून ऐकत राहिले.

कर

सकाळी आमची भांडी बांधून चालली होती, तेवढ्यात नॉर्वेच्या आजी हसत आत आल्या. हातात तोच वाडगा, रिकामा. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. मी दोन पावलं मागे सरले. मागे टेबल होतं, त्यावरचा पेला पडून फुटला.

आजींचं हसू गेलं. त्यांनी वाडग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जाऊन मेघना मॅडमना घेऊन आल्या.

"मावशी, काय झालं?"

 सुनंदाच बोलली. "त्यांना इचारा, कुनावरनं उतरून ठेवला व्हता. कोन आजारी हाय का?"

मॅडमना उतारा माहीत होता, त्यांनी कपाळावर हात मारला. मग दोघींचं बरंच बोलणं झालं. मॅडमनी मला समजावलं ते असं. नॉर्वेत प्रत्येक शेतावर एक राखणारा असतो. बुटका म्हातारा, लाल टोपीचा, गोठ्यात राहतो. घर, गुरं, पोरंबाळं तो सांभाळतो. ऐन थंडीत एका संध्याकाळी त्याला दुधात शिजवलेला भात ठेवायचा, वर लोण्याचा गोळा आणि दालचिनीची पूड. आजींना इथे गोठा दिसला नाही म्हणून त्यांनी माळ्याच्या खोलीपाशी ठेवला. बंगल्यातल्या सगळ्यांसाठी, आपल्यासाठी पण.

म्हणजे ते लिंबू नव्हतं, लोणी होतं. गुलाल नव्हता, दालचिनी होती. माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि दुसऱ्याच क्षणाला परत चढला. आमच्याकडेही शेताला राखणदार असतो. त्याला नैवेद्य दाखवतात. म्हणजे मी पीडा ओलांडली नव्हती, तर देवाचा नैवेद्य ओलांडला होता. हे कमी की जास्त? मी सुनंदाकडे बघितलं. ती पण हिशोब लावत होती.

"त्यो रागावतो का?" मी विचारलं. तीन दिवसांत पाहुण्यांसमोरचं माझं पहिलं वाक्य.

आजींनी एक गोष्ट सांगितली. एका घरच्या मुलीने भात ठेवला. राखणाऱ्याने बघितलं तर वर लोणी नाही. तो इतका चिडला की गोठ्यात जाऊन त्यांची चांगली गाय मारून टाकली. मग परत येऊन भात खाल्ला, तर लोणी तळाला होतं. मुलीने आधी लोणी घालून वरून भात वाढला होता. मग त्याला फार वाईट वाटलं, आणि तो रातोरात दुसरीकडून तशीच गाय आणून बांधून गेला.

"कुनाची गाय आनली?" सुनंदाने विचारलं.

"शेजाऱ्यांची," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजे शेजाऱ्याचं गेलंच की."



मला आणखीच कोडं पडलं. आधी जीव घेतो, मग बघतो. असा राखणारा. पण आजींनी माझ्या तोंडाकडे बघून काय ओळखलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, तुम्हाला काळजी कोणाची आहे. मॅडमना मी रेखाचं सांगितलं, दोन वेळा गेलेलं पण सांगितलं. हे मी सुनंदाशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं.  मग आजी म्हणाल्या, माझी आई सांगायची, चूक झाली तर दुसरा वाडगा ठेवावा. जिथे आपलं माणूस राहतं तिथे ठेवावा. आणि लोणी वर ठेवावं, त्याला दिसेल असं. त्यांनी खोलीत जाऊन दालचिनीच्या पुडीची लहान बाटली आणली आणि माझ्या पिशवीत घातली.

बंगल्याच्या फाटकापाशी एक लठ्ठ कुत्रं आडवं पडलं होतं. त्याच्या मिशांना पांढरं लागलेलं मी बघितलं. कोणाला सांगितलं नाही.

सुनंदा घरी गेली. मी कामशेतला उतरून पवनानगरची जीप धरली. करीचा दिवस म्हणून जीप भरेना. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, आज आमची गिऱ्हाइकं म्हंजे फक्त तंबूवाली." खरंच दोन पुण्याची मुलं सोडली तर मी एकटीच. खिंड उतरल्यावर धरणाचं पाणी दिसायला लागलं. थंडीत ते अगदी हलत नाही. काठाने रंगीत तंबू, मागे तुंग आणि तिकोना, आणि एक कोळी होडीत उभा राहून जाळं ओढत होता. दुसऱ्या वेळी मी हे डोळे भरून बघितलं असतं. त्या दिवशी मी नुसती बाटली चाचपत होते.

रेखाच्या घरापुढे अंगणात मी थांबले. वर चढले नाही. माझ्या विहीणबाई, तानूबाई, तांदूळ निवडत होत्या.

"या की. उभ्या का?"

"मी हितंच बसते."

"कर हाय म्हनून? आता आलाच तर आत या."

मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलायला पण वेळ लागतो. मी सांगायला लागले आणि नेमकं आधी 'भात ओलांडला' एवढंच तोंडातून निघालं. विहीणबाईंच्या हातातलं सूप खाली गेलं.

"मंग आलात कशाला?" त्या उठून दारात आडव्या उभ्या राहिल्या. "माझी सून सातव्यात हाय, ठावं हाय ना तुमाला?"

"माझी लेक हाय ती."

"म्हनूनच इचारते."

आतून रेखाची हाक आली, "आई आली का?" विहीणबाई म्हणाल्या, "पडून ऱ्हा. आली हाय. हात-पाय धुतीय."

मग मी सगळं सांगितलं. नॉर्वे, लाल टोपी, लोणी, गाय. विहीणबाई डोळे बारीक करून ऐकत होत्या.

"म्हंजे उतारा न्हवं?"

"न्हाई."

"राखनदाराचा निवद?"

"व्हय."

"त्यो वलांडला?"

"व्हय."

"आन् त्यो राखनदार हितला न्हाई, तिकडचा."

"तिकडचा. पन भात हितं ठेवलेला."

त्यांनी सूप उचलून भिंतीला टेकवलं. "ह्येचं मला काय कळंना बया," त्या शेवटी म्हणाल्या, आणि मला बरं वाटलं, कारण मलाही कळत नव्हतं. "पन दुसरा वाडगा म्हनत असंल तर ठेवू. आमचा राखनदार बांधाव उंबराखाली हाय. त्यो नारळ आन् दहीभात घेतो. दालचिनी खाईल का?"

"ठावं न्हाई."

"घालूनच बघू."

अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीवर मी पातेलं चढवलं. त्यांनी आंबेमोहोर तांदूळ दिला, म्हशीचं दूध दिलं. मी घरात पाऊल टाकलं नाही. रेखा आतून खिडकीशी आली आणि गजांतून माझ्याकडे बघत राहिली. तोंड एवढंसं झालेलं. "काय शिजवतीस? वास चांगला येतोय," ती म्हणाली. मी म्हटलं, देवाचं आहे.

भात दाट झाला. वाडग्यात काढला, वर लोण्याचा गोळा, त्यावर दालचिनी. गरम होता म्हणून ओट्यावर ठेवून वर पाटी झाकली, आणि आम्ही दोघी उंबराखालची जागा झाडून सारवायला गेलो.  जागा सारवून झाल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "सहाव्यातलं गेलं तवा मी तिला बोलले व्हते. तू पायरीवर पाय आपटत चढतीस म्हनाले. उगाच बोलले."  मी शेणाचे हात पालापाचोळ्याला पुसले.

परत आलो तर पाटी बाजूला, आणि रेखा ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली. वाडगा मांडीवर, चमचा तोंडात.

आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो.

"भूक लागली," रेखा म्हणाली. "चार दिवसांत आज लागली. काय झालं?"

"त्यो राखनदाराचा व्हता," मी म्हटलं.

तिने चमचा खाली ठेवला. तोंड पांढरं पडलं. वाडग्यात तळाला तूप पिवळं चमकत होतं. भात गरम असल्याने लोणी वितळून सगळं खाली गेलं होतं. मी वर ठेवलं होतं, त्याला दिसेल असं, आणि ते तळालाच गेलं.

मी विहीणबाईंकडे बघितलं. त्या काय म्हणतील यावर माझं सगळं होतं. आत घेतील, की आता कायमची दारं बंद. त्यांनी वाडग्यात वाकून बघितलं.

"ऱ्हायलंय किती?"

"चार घास," रेखा म्हणाली.

"चांगलं तूप तळाला ऱ्हायलंय. त्ये टाकून उठतीस व्हय? खा."

"सासूबाई, पन निवद—"

"ज्येला राखायचं त्येनंच खाल्ला. राखनदाराचं काम कमीच झालं म्हनायचं. त्येला दुसरा शिजवू, दूध हाय अजून." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन् तुमी आत या. वलांडायचं त्ये समद्यांनी वलांडलं आता."

रेखाने वाडगा चाटून पुसून खाल्ला. नंतर तिने पोटावर हात ठेवला आणि थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं. मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "गोड आवडतंय वाटतं."

मी तिथे चार दिवस राहिले. दुसरा वाडगा त्याच संध्याकाळी उंबराखाली गेला. सकाळी रिकामा होता. तिकडेही कुत्री आहेत.

चैत्रात रेखाला मुलगी झाली. दिवसांच्या आधी झाली, तीन दिवस काचेच्या पेटीत ठेवली होती. आता बरी आहे, रडते भरपूर. सुनंदा म्हणते, मी परत आल्यावर तिने माझ्यावरून मीठ-मिरची उतरवली त्याचा गुण. विहीणबाई म्हणतात राखणदाराने राखलं. डॉक्टर म्हणतात गोळ्या वेळेवर घेतल्या. मेघना मॅडमकडून आजींना कळवलं, तर त्यांचा निरोप आला, लोणी वर होतं ना? याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

मागच्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. मला वाटलं नातीचं काहीतरी. तर म्हणाल्या, ती बाटली संपली, कामशेतच्या वाण्याकडे मिळते ती दालचिनी चालेल का.

मी म्हटलं, चालेल, पण आता कशाला.

"पुनवंला नुसता दहीभात ठेवला व्हता," त्या म्हणाल्या. "तसाच ऱ्हायला. त्येला आता सवय लागलीय."